शहाजीराजे : माहुलीच्या आधी आणि नंतर

दरवर्षी शिवजयंतीच्या आदल्या रात्री जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील गावोगावची तरुण मंडळी शिवनेरीवर जमतात, ज्योत पेटवितात आणि ती हाती घेऊन धावत आपापल्या गावी परततात. आपल्या महाविद्यालयातलेही कितीतरी विद्यार्थी त्यात असतात. गडावर शिवकुंजात जिजाबाई आणि बालशिवाजी यांची मूर्ती आहे. मायलेकरांच्या त्या मूर्तीपुढे सारेजण नतमस्तक होतात. ते योग्यच आहे. पण त्या मूर्तीकडे पाहताना एक प्रश्न सहसा कुणाच्या मनात येत नाही. या मुलाचे वडील कुठे होते?

शाळेतल्या पुस्तकात शहाजीराजे दोन-चार परिच्छेदांत येतात आणि कर्नाटकात निघून जातात. पुढे ते एकदा कैद होतात, सुटतात आणि मरतात. त्यामुळे आपली अशी समजूत होते की, ते विजापूरकरांचे एक मोठे सरदार होते, एवढेच. परंतु १६३३ ते १६३६ या तीन वर्षांत शिवनेरी, जीवधन, चावंड, हडसर हे जुन्नरचे सारे किल्ले आणि घोड-मीना-कुकडीची खोरी ज्यांच्या शब्दावर चालत होती ते शहाजीराजेच होते. एका बुडालेल्या राज्याला पुन्हा उभे करण्याचा डाव त्यांनी याच डोंगरांत मांडला होता. तो डाव मोडला. मोडलेल्या त्या डावाचे काय झाले आणि तीन मुलांच्या वाट्याला त्यातले काय आले, हे सांगावे म्हणून हा लेख.

भोसले घराणे वेरूळचे. मालोजीराजे निजामशाहीत चाकरीला होते. नगरच्या शाह शरीफ या पिराला नवस बोलल्यावर दोन मुलगे झाले म्हणून एकाचे नाव शहाजी आणि दुसऱ्याचे शरीफजी ठेवले, अशी कथा आहे. शहाजीराजांचे जन्मसाल परंपरेने १५९४ मानले जाते. मालोजी इंदापूरच्या लढाईत पडले आणि चुलते विठोजी यांनी पोरक्या पुतण्यांना सांभाळले. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची कन्या जिजाबाई शहाजीराजांना दिली होती. जाधवराव हे निजामशाहीतले बलाढ्य सरदार. त्यांच्यापुढे भोसले तेव्हा लहानच होते.

ही निजामशाही मूळची आपल्या जुन्नरची, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मलिक अहमदने १४९० मध्ये बहामनी राज्यापासून फुटून स्वतंत्र कारभार सुरू केला तो जुन्नरहून. अहमदनगर शहर त्याने नंतर वसविले. पुढे १६०० मध्ये मोगलांनी नगरचा किल्ला घेतला आणि निजामशाही संपली असे सर्वांना वाटले, तेव्हा मलिक अंबर नावाच्या हबशी सरदाराने राजघराण्यातला एक मुलगा शोधून त्याला गादीवर बसविले आणि त्याच्या नावाने पंचवीस वर्षे राज्य राखले. दौलताबादला राजधानी जाण्यापूर्वी काही काळ ती जुन्नरलाही होती. डोंगराचा आश्रय, चपळ घोडदळ, शत्रूची रसद तोडणे आणि समोरासमोर गाठ पडू न देणे ही मलिक अंबरची युद्धरीत. या शाळेत शहाजीराजे शिकले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत मोगल आणि आदिलशहा यांच्या एकत्र फौजांना मलिक अंबरने धूळ चारली, तेव्हा शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्याच लढाईत शरीफजी मारले गेले.

मलिक अंबर नुसता लढवय्या नव्हता. जमिनीची प्रत पाहून सारा ठरविण्याची त्याची पद्धत त्याच्यामागून कितीतरी वर्षे लोकांच्या आठवणीत राहिली. राजा नावाचा असला तरी चालते, कारभार आणि फौज ज्याच्या हाती त्याचे राज्य, हा धडा शहाजीराजांनी त्याच्यापासून घेतला असावा. पुढे त्यांनी जे केले ते या धड्याबरहुकूमच केले, आणि त्यातच त्यांच्या अपयशाचे बीज होते असे मला वाटते.

भातवडीनंतर शहाजीराजे आदिलशाहीत गेले, १६२८ च्या सुमारास पुन्हा निजामशाहीत आले, १६३० मध्ये मोगलांकडे गेले आणि १६३२ मध्ये तेही सोडले. इतक्या वेळा धनी बदलणारा माणूस आपल्या आजच्या नजरेला अस्थिर वाटतो. परंतु त्या आठ वर्षांत काय काय घडत होते ते पाहिले पाहिजे. १६२६ मध्ये मलिक अंबर वारला. १६२९ च्या जुलै महिन्यात दौलताबादेस भर दरबारात लखुजी जाधवराव, त्यांचे दोन मुलगे आणि एक नातू यांची कत्तल झाली. जिजाबाई तेव्हा गरोदर होत्या. पोटात मूल आणि माहेर एका दिवसात उद्ध्वस्त! त्याच सुमारास विजापूरच्या फौजेने पुणे जाळून बेचिराख केले. १६३० पासून सलग दोन-तीन वर्षे असा दुष्काळ पडला की गावेच्या गावे ओस पडली. अशा वेळी शहाजीराजांनी पत्नीला शिवनेरीवर ठेवले. थोरला मुलगा संभाजी याचे लग्न त्यांनी शिवनेरीच्या किल्लेदाराची मुलगी जयंती हिच्याशी केले होते. म्हणजे गड व्याह्यांचा होता आणि विश्वासाचा होता. १९ फेब्रुवारी १६३० रोजी तिथे शिवाजीराजांचा जन्म झाला. वडील तेव्हा गडावर नव्हते, मोहिमेवर होते, असे शिवभारत सांगते.

मोगलांनी शहाजीराजांना पाच हजारांची मनसब दिली आणि जुन्नर-संगमनेरकडचा मुलूखही नेमून दिला. पण मलिक अंबरचा मुलगा फतेहखान मोगलांना शरण आला, तेव्हा शहाजीराजांना दिलेले काही महाल त्यांनी काढून त्याला देऊन टाकले. दिलेला शब्द बादशहाला सोयीचा नसला की तो मोडतो, हा अनुभव घेऊन राजे बाहेर पडले. इकडे फतेहखानाने आपला धनी मुर्तजा निजामशहा याला ठार केलेच होते. १६३३ च्या जूनमध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांनी जिंकला आणि गादीवरच्या अल्पवयीन हुसेन निजामशहाला ग्वाल्हेरच्या तुरुंगात पाठविले. निजामशाही दुसऱ्यांदा बुडाली.

आता शहाजीराजांनी जे केले ते मोठ्या छातीचे काम होते. नाणेघाटाच्या माथ्यावरचा जीवधन किल्ला आपण सहलीला पाहिला असेल. निजामशाही घराण्यातला मुर्तजा नावाचा एक लहान मुलगा तिथे अटकेत होता. त्याला शहाजीराजांनी सोडविले, संगमनेरजवळच्या पेमगिरी किल्ल्यावर नेले आणि गादीवर बसवून त्याच्या नावाने स्वतः कारभार सुरू केला. बखरीत तर असे वर्णन आहे की, दरबार भरला म्हणजे त्या पोराला मांडीवर घेऊन शहाजीराजे स्वतः सिंहासनावर बसत. दृश्य खरे असो वा नसो, स्थिती नेमकी तीच होती. जुन्नर, संगमनेर, नाशिक-त्र्यंबक, पुण्याकडचा भाग आणि उत्तर कोकण एवढ्या टापूवर राजांचा अंमल बसला. विजापूरचा मुरार जगदेव त्यांना साहाय्य करीत होता. याच मुरारपंताने भीमा-इंद्रायणीच्या संगमावर १६३३ मध्ये आपल्या हत्तीच्या भाराइतके दान केले. हत्ती कसा तोलावा हे कुणाला सुचेना, तेव्हा त्याला नावेत चढवून, नाव किती बुडते त्याची खूण करून, तेवढ्याच वजनाचे दगड नावेत भरण्याची युक्ती शहाजीराजांनी सांगितली अशी आख्यायिका आहे. त्या गावाचे नाव तेव्हापासून तुळापूर पडले. तिथेच पुढे १६८९ मध्ये त्यांच्या नातवाच्या, संभाजीमहाराजांच्या, वाट्याला जे आले ते आपण सारे जाणतो.

तीन वर्षे हा डाव चालला. दिल्लीच्या बादशहाला तो किती बोचत होता ते एकाच गोष्टीवरून कळते. १६३६ च्या आरंभी शहाजहान स्वतः दौलताबादेस येऊन बसला आणि त्याने एकाच वेळी कित्येक फौजा सोडल्या. त्यांतली खानजमान याच्या हाताखालची फौज शहाजीराजांवर आली. विजापूरलाही त्याने धाक घातला. मे महिन्यात आदिलशहाने तह केला. निजामशाही मुलूख दोघांनी वाटून घ्यायचा आणि शहाजीला दोघांनी मिळून नमवायचे! सर्वसाधारणपणे भीमा नदी सीमा ठरली. भीमाशंकरच्या रानात जिचा उगम आहे ती आंबेगावची भीमा दोन बादशाह्यांची हद्द झाली. उत्तरेकडचे घोड आणि कुकडीचे खोरे मोगलांकडे, दक्षिणेकडचे चाकण-पुणे आदिलशहाकडे. एका तालुक्यातून दुसऱ्यात जातो तितक्या सहज आज आपण ती हद्द दिवसातून दोनदा ओलांडतो.

आता पाठीशी कुणी नव्हते. शहाजीराजे घाट उतरून कोकणात गेले. पोर्तुगीजांकडे त्यांनी आश्रय मागितला, पण मोगलांचा रोष ओढवून घेण्याची पोर्तुगीजांची तयारी नव्हती. शेवटी ठाणे जिल्ह्यातील माहुली किल्ल्यावर ते कोंडले गेले. खाली मोगलांचा खानजमान आणि विजापूरचा रणदुल्लाखान. १६३६ चा पावसाळा सरल्यावर राजांनी हत्यार ठेवले. मुर्तजाला मोगलांच्या स्वाधीन करावे लागले. त्याबरोबर शिवनेरी, जीवधन, चावंड, हडसर, हरिश्चंद्रगड, त्र्यंबक, त्रिंगलवाडी हे किल्ले गेले. राजांनी मोगलांची चाकरी मागितली ती मिळाली नाही. आदिलशहाकडे राहावे, असा हुकूम झाला. आणि जीवधनवरून आणलेला तो मुलगा? तोही ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. एका मोठ्या माणसाच्या मनोरथासाठी त्याला गादीवर बसविले होते. ते मनोरथ कोसळल्यावर त्याची आठवण फारशी कुणी ठेवली नाही. इतिहास लिहिणाऱ्यांनीही नाही. शहाजीराजांचा गौरव करताना हे विसरू नये.

शिवाजी त्या वेळी सहा वर्षांचा होता.

माहुलीनंतरचे शहाजीराजे वेगळे दिसतात. आदिलशहाने त्यांना महाराष्ट्रापासून दूर ठेवण्याचा शहाणपणा केला. पुणे-सुप्याची जहागीर त्यांच्या नावावर राहिली, पण त्यांना रणदुल्लाखानाबरोबर कर्नाटकात धाडले. १६३८ मध्ये केंपेगौडाकडून बंगळूर घेतले आणि ते राजांना जहागीर म्हणून मिळाले. तिथे त्यांनी दरबार थाटला. पंडित, कवी, मुत्सद्दी त्यांच्या पदरी होते. जयराम पिंड्ये या कवीने त्यांच्यावर राधामाधवविलासचंपू हे काव्य रचले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२२ मध्ये ते प्रसिद्ध केले आणि त्याच्या लांबलचक प्रस्तावनेत शहाजीराजांची बाजू हिरिरीने मांडली. त्यापूर्वी मराठी वाचकांना राजांची एवढी ओळख नव्हती.

पण त्या वैभवाच्या आत काय होते? चाळीशी ओलांडलेला हा माणूस पुन्हा कधी कुणाला गादीवर बसवायला गेला नाही. स्वतःचे राज्य मागितले नाही. बंड केले नाही. मोठा सरदार म्हणून जगला आणि त्या मर्यादेत जितके ऐश्वर्य मिळविता येते तितके मिळविले. याला शहाणपण म्हणावे की हार, हा वाद इतिहासकारांत पुष्कळ झाला आहे. कर्नाटकात राहून ते मुलाला आतून मदत करीत होते असे कुणी म्हणतात. ते पूर्णपणे चाकरमाने झाले होते असे कुणी म्हणतात. मला यातले दुसरे मत अन्यायाचे वाटते आणि पहिले जरा भाबडे. एवढे मात्र नक्की की, १६४२ च्या सुमारास बंगळूरहून जिजाबाई आणि शिवाजी पुण्याला परतले, तेव्हा राजांनी बरोबर दिलेली माणसे साधी नव्हती. शामराव नीळकंठ पेशवे, सोनोपंत डबीर यांच्यासारखे अनुभवी कारभारी होते. बारा वर्षांच्या मुलाच्या जहागिरीला पेशवा आणि डबीर कशाला लागतो? जहागीर सांभाळायला हवालदार-मुजुमदार पुरतात. मुत्सद्दी लागतात ते राज्याला. राजांनी स्वतः जे टाकून दिले होते त्याची हत्यारे त्यांनी धाकट्या मुलाच्या हाती दिली, असे म्हणायला इथे आधार आहे. ते जाणूनबुजून दिले की चांगल्या घरच्या रीतीप्रमाणे दिले, हे त्यांचे त्यांनाच माहीत.

मुलांपैकी थोरला संभाजी वडिलांजवळ राहिला. तो वडिलांबरोबर घोड्यावर बसला, वडिलांच्या मोहिमा लढला, त्यांच्याच रीतीने आदिलशाही दौलतीचा सरदार झाला. धाकटा आईजवळ राहिला. आईच्या माहेरची चार माणसे एका बादशहाच्या दरबारात मारली गेलेली, नवऱ्याचा मोठा डाव दोन बादशहांनी मिळून मोडलेला, आणि नवरा दूर परमुलखात. या बाईने मुलाला काय सांगितले असेल याची नाटके आणि पोवाडे पुष्कळ झाले. त्यांची भर मी घालणार नाही. पण वस्तुस्थिती एवढी बोलकी होती की सांगावे लागलेच नसेल. शिवनेरी मोगलांची झाली होती. आपण जिथे जन्मलो तिथे आपल्याला जाता येत नाही, हे मुलाला कुणी शिकवावे लागत नाही.

शिवाजीराजांच्या मुद्रेकडे या दृष्टीने पाहावे. शहाजीराजांच्या पत्रांचा मायना त्या काळच्या सरदारांसारखा फारसी वळणाचा. मुलाची मुद्रा संस्कृतात आहे, आणि तिच्यात तो स्वतःला शाहाचा पुत्र म्हणवितो. कुठल्या बादशहाचे नाव तिच्यात नाही. वडिलांचे आहे. पेमगिरीला वडिलांनी दुसऱ्याच्या मुलाच्या नावाने राज्य चालविले. मुलाने वडिलांचे नाव घेऊन स्वतःच्या नावाने चालविले.

मुलाने गड घेण्यास सुरुवात केली आणि त्याचे मोल बापाने दिले. २५ जुलै १६४८ रोजी जिंजीजवळच्या छावणीत मुस्तफाखानाने शहाजीराजांना कैद केले. पकडणाऱ्यांत मुधोळचे बाजी घोरपडे होते. बेड्या घालून राजांना विजापुरास नेले. लगेच दोन्ही मुलांवर फौजा चालून आल्या. बंगळूरवर फर्हादखान, पुरंदरावर फत्तेखान. संभाजीने बंगळूर राखले, शिवाजीने पुरंदर राखला. दोघेही तरुण. धाकटा तर अठरा वर्षांचा. दोघेही जिंकले! आणि जिंकूनही दोघांना द्यावे लागले. शिवाजीने दख्खनचा सुभेदार शहाजादा मुराद याच्याशी पत्रव्यवहार करून विजापूरवर दाब आणण्याचा प्रयत्न केला. शेवटी कोंढाणा, बंगळूर आणि कंदर्पी हे किल्ले आदिलशहाला सोडून दिल्यावर १६ मे १६४९ रोजी राजांची सुटका झाली. बापाच्या जिवासाठी किल्ला सोडताना त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला माहुली आठवली नसेल काय? तिथे बापाने किल्ले दिले होते, इथे मुलाने दिले. फरक हा की, मुलाने पुढे काही वर्षांत कोंढाणा परत घेतला.

सुटकेनंतरची राजांची वर्षे अधिक सावध आहेत. मुलगा आपले ऐकत नाही, त्याच्या करणीस आपण जबाबदार नाही, असे ते विजापूरला कळवीत राहिले आणि १६५८ मध्ये आदिलशहाने तसे मान्यही केले. लेकाला जाहीरपणे नाकारायचे आणि त्यामुळेच त्याला मोकळीक द्यायची, अशी ही विचित्र पितृभक्तीची उलटी बाजू होती. संभाजीला मात्र ती मोकळीक मिळाली नाही. तो १६५४-५५ च्या सुमारास कनकगिरीच्या लढाईत आदिलशहासाठी लढताना मारला गेला. अफजलखानाने मुद्दाम कुमक पाठविली नाही, असे बखरकार सांगतात. वडिलांनी स्वीकारलेली वाट ज्या मुलाने सर्वांत निष्ठेने चालविली तो त्या वाटेवरच तिशीत संपला. महाराष्ट्रात त्याच्या नावाचा दगडही फारसा कुठे दिसत नाही. शिवनेरीच्या किल्लेदाराचा तो जावई होता, हे तरी निदान जुन्नरकरांनी लक्षात ठेवावे.

इकडे आपल्या भागात काय चालले होते? मोगलांनी नव्याने मोजणी आणि सारा बसविला. डोंगरातले महादेव कोळी उठले. १६५० च्या सुमारास तो उठाव मोडून काढला आणि धरलेल्यांची मुंडकी शिवनेरीवर उडविली असे सांगतात. गडावरचा कोळी चौथरा ही त्याची खूण. भीमाशंकरपासून नाणेघाटापर्यंतच्या ज्या माणसांनी शहाजीराजांचा अंमल पाहिला होता त्यांनाही माहुलीच्या तहाची किंमत मोजावी लागली, ती अशी.

१६५७ च्या उन्हाळ्यात एका रात्री दोराच्या शिड्या लावून काही माणसे जुन्नर शहराच्या तटावरून आत उतरली. त्यांचा पुढारी सत्तावीस वर्षांचा होता. त्यांनी तीन लाख होन आणि दोनशे घोडे लुटून नेले. ज्या गावाशेजारी तो जन्मला त्या गावात त्याला चोरवाटेने उतरावे लागले, आणि वर शिवनेरीवर मोगलांचा पहारा जागचा हलला नाही. मोगलांवरचा शिवाजीराजांचा हा आरंभीचाच मोठा हल्ला. त्यासाठी त्यांनी जुन्नर निवडले ते केवळ श्रीमंत पेठ म्हणून असेल. माझे मन तेवढ्यावर समाधान मानीत नाही.

शहाजीराजे २३ जानेवारी १६६४ रोजी वारले. कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीच्या मागे घोडा टाकला असता घोड्याचा पाय वेलीत अडकला आणि ते खाली पडले. त्यांची समाधी तिथेच आहे. त्याच महिन्यात मुलाने सुरत लुटली होती. तो राजगडावर परतला आणि मागोमाग ही बातमी आली. जिजाबाई सती जायला निघाल्या. मुलाने मिनतवाऱ्या करून त्यांना थांबविले. नवऱ्याच्या संसारात जिच्या वाट्याला सहवास फार थोडा आला तिने त्याच्यामागे जाण्याची तयारी करावी, यात केवळ रूढी होती की आणखी काही होते, ते ठरविण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस शिवाजीराजांनी मुधोळवर चालून जाऊन बाजी घोरपड्यांचा निकाल लावला. सोळा वर्षे हा हिशेब मनात होता.

तिसरा मुलगा व्यंकोजी, तुकाबाई मोहित्यांचा. बापाचे वैभव त्याने पाहिले, बापाचा पराभव पाहिला नाही. बंगळूरची जहागीर, खजिना, हत्ती-घोडे सारे त्याच्याकडे आले. १६७५ च्या सुमारास विजापूरचा सरदार म्हणून तंजावरला गेला आणि तिथली गादी त्याने स्वतःच बळकावली. म्हणजे तोही राजा झाला, पण विजापूरची छाया सोडायला धजेना. १६७७ मध्ये शिवाजीराजे कर्नाटकात गेले. त्यांना तिकडे नेण्यात रघुनाथपंत हणमंते यांचा मोठा वाटा होता. हे घराणे शहाजीराजांच्याच पदरचे. दोघे भाऊ भेटले. वडिलांची दौलत तुम्ही तेरा वर्षे एकट्याने खाल्लीत, आता आमचा वाटा द्या, असे थोरल्याचे म्हणणे. धाकटा रात्रीतून निघून गेला. पुढे लढाई झाली, व्यंकोजी हरला, आणि त्याची पत्नी दीपाबाई हिच्या शहाणपणाने तह झाला. हिंदुस्थानात तेव्हा कुणाला न नमणारा छत्रपती बापाच्या वाटणीसाठी सावत्र भावाशी भांडत बसावा, हे वाचताना प्रथम गंमत वाटते. पण गाय-वासरू आणि बांध यांवरून आपल्याकडे जी भांडणे होतात त्यांत तरी खरा प्रश्न गायीचा असतो थोडाच! बाप कुणाचा होता, हा असतो.

पराभवानंतर व्यंकोजी खचला. कामकाज टाकले, खाण्यापिण्याची, पोशाखाची शुद्ध राहिली नाही, विरक्तासारखा वागू लागला. हे कळल्यावर शिवाजीराजांनी त्याला जे पत्र पाठविले ते मराठीतल्या उत्तम पत्रांपैकी एक आहे. हे दिवस पराक्रम करण्याचे आहेत, वैराग्य उतारवयात करावे, असा त्याचा आशय. त्यात ते भावाला वडिलांची आठवण देतात. कैलासवासी साहेबांवर कसकसे प्रसंग गुदरले आणि त्यांतून ते धीराने कसे पार पडले, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, अशा अर्थाचे ते सांगणे आहे. त्या वेळी रायगडावर राज्याभिषेक होऊन काही वर्षे झाली होती. पेमगिरीला तर चाळीसहून अधिक वर्षे लोटली होती. ज्याने बापाची वाट सोडून दिली तोच मुलगा बापाचा धीर दुसऱ्या मुलाला वाटून देत होता. या पत्रात वडिलांविषयी तक्रारीचा एक शब्द नाही.

व्यंकोजीने पुढे राज्य सांभाळले. बंगळूर १६८७ मध्ये त्याच्या हातून गेले, तंजावर मात्र टिकले. त्याच्या मोठ्या मुलाचे नाव त्याने शहाजी ठेवले. तो १६८४ मध्ये गादीवर आला, उत्तम राज्यकर्ता आणि ग्रंथकार म्हणून गाजला. शहाजी नावाचा भोसला स्वतःच्या गादीवर बसला तो असा, कावेरीच्या काठी. त्या घराण्याने १८५५ पर्यंत तंजावर राखले. १८०३ मध्ये सरफोजीराजांनी तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांचा सारा वंश मराठीत कोरून ठेवला आहे.

माहुलीच्या तहात गेलेले किल्ले एकेक करून परत येऊ लागले. त्र्यंबक १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी घेतला. चावंड १६७२-७३ मध्ये आला आणि त्याचे नाव प्रसन्नगड ठेवले. शिवनेरी आली नाही. जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर त्या दशकात जुन्नरला आला होता. गडावर हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल एवढी शिधासामग्री आहे, असे त्याने लिहून ठेवले. १६७८ मध्ये मराठ्यांनी पुन्हा एकदा जुन्नर लुटले आणि रात्रीच्या अंधारात काही मावळे शिवनेरीच्या कड्याला भिडले. गडावरचे लोक सावध होते. त्यांनी तो प्रयत्न हाणून पाडला. त्यानंतर दोन वर्षांनी शिवाजीमहाराज वारले. मराठ्यांचे निशाण शिवनेरीवर लागले ते अठराव्या शतकात, त्यांच्या नातवाच्या, शाहूमहाराजांच्या अमदानीत.